निळ्या ड्रमातलं फूल

पेण आणि रोहा तुम्ही पाहिलं नसेल तर एकदा जाऊन या. पेणला गणपती बघा, रोह्याला कुंडलिका नदी बघा, वाटेत वालाच्या शेंगा खा. मी यांपैकी कशासाठीच गेले नव्हते. मी गेले होते एका बाईला खोटं पाडायला. चार दिवसांत परत आले. त्यालाही आता तीन आठवडे झाले, पण अजून पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी मी तो आईच्या नाकापुढे धरते आणि विचारते, "वास येतो का गं?" आधी आई हसायची. आता हसत नाही. हुंगते, "नाही" म्हणते, आणि मी पाणी पिते.

मी इचलकरंजीची. बाबांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि उरलेल्या वेळात पत्रकं छापली जायची. बोनस, बडतर्फी, पाणीकपात. मी बाराखडी गिरवली ती याच पत्रकांच्या कोऱ्या मागच्या बाजूंवर. बाबांचा एक नियम होता : पत्रकात 'कदाचित' हा शब्द येता कामा नये. "गिरणीची पाळी सुटल्यावर रस्त्याने चाललेला माणूस 'कदाचित' वाचायला थांबत नाही," ते म्हणायचे. मी तो नियम पाळत आले.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुवर्णाचा फोन आला. ती माझी शिबिरातली मैत्रीण. लग्न होऊन रोह्यापलीकडच्या एका गावात गेली, तिथे आशा कार्यकर्ती आहे. गावाच्या वर, टेकडीच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी आहे. तिथल्या बायका पाणी लांबून आणतात आणि निळ्या प्लास्टिकच्या ड्रमांत साठवतात. हे ड्रम कंपन्यांमधून भंगारात निघालेले. आत आधी काय होतं ते विकणारा सांगत नाही, लेबल खरवडलेलं असतं. म्हणून वाडीची एक रीत आहे : ड्रम घ्यायच्या आधी सोमीकाकीने तो हुंगायचा. सोमीकाकी 'चालंल' म्हणाली तर घ्यायचा, नाहीतर परत.

"यंदा तिने पास केलेल्या तीन ड्रमांना वास येतोय," सुवर्णा म्हणाली. "फुलासारखा. इतका की डोकं उठतं. दोन पोरांच्या पोटात दुखलं. आणि ही बाई शपथेवर सांगते, वास नाय! भंगारवाल्याने तिला कोंबडा दिला, सगळी वाडी म्हणते. आता कोणी तिच्या हातचं काही घेत नाही."

मला एवढं पुरेसं होतं. त्याच दिवशी पत्रक लिहिलं, बाबांच्या जुन्या ट्रेडल छपाईयंत्रावर छापलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं : 'वाडीने जिच्या नाकावर विश्वास टाकला, त्या बाईने ते नाक भंगारवाल्याला विकलं आहे.' नाव टाकलं नव्हतं. ती आपली सभ्यता असं मला वाटत होतं.

हमरापूर

पहिला मुक्काम पेणजवळ हमरापूरला, बाबांच्या ओळखीच्या कमळाकरदादांकडे. इथे घरोघरी गणपती होतात. अंगणात, ओटीवर, जिन्याखाली, न्हाणीच्या भिंतीला टेकून, जिकडे बघावं तिकडे पांढरे गणपती. आमच्याकडे गणपती भाद्रपदात येतो आणि जातो. इथे तो बारा महिने घरातच असतो आणि त्याच्या सोंडेवर टॉवेल वाळत असतो.

वहिनी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होत्या. एक श्वास रोखायचा, एक रेघ, मग श्वास सोडायचा. रंग आणि थिनरच्या वासाने माझं डोकं जड झालं. "तुम्हाला त्रास होत नाही?" मी विचारलं.

"कसला? वासाचा?" वहिनींनी ब्रश न उचलता विचारलं. "माझ्या नाकाला आता सोंडेतला आणि शेणातला फरक कलत नाय. माहेरी गेलो की आई म्हनते, भाताला करप लागलीय, तुला कसं गो समजत नाय?"

त्या हसल्या. मीही हसले. मग मी दादांना पत्रक दिलं, आणि शेजारच्या कारखान्यांमध्ये ठेवायला म्हणून आणखी सहा.

दादांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. "लय कडक लिवलंय ताई." मग थांबले. "नाव नाय टाकलंस ते बरं केलंस. पन वाडीत वास घेनारी बाई किती?"

"एकच."

"मंग नाव कशाला लागतंय?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. पत्रकं वाटणाऱ्याकडे उत्तरं नेहमी तयार असतात. व्यक्ती नव्हे, प्रवृत्ती, असं काहीतरी मी म्हणाले. दादांनी मान डोलावली, मोबाईल काढला आणि पत्रकाचा फोटो घेतला. "ग्रुपवर टाकतो. आपल्या लोकांना कलू दे."

मला आनंद झाला. हे मी लपवत नाही.

वाडी

वडखळला एसटी वळते तेव्हा धरमतरच्या खाडीकडून खारट वारा आत येतो. शेजारची कोळीण टोपलीवरचं फडकं सारखं करत म्हणाली, "भरतीचा वास हाय, पानी चढतंय." मला फक्त वारा लागला. पुढे नागोठणं, आणि मग रोहा. नदी, पूल, दुकानं, आणि गावाच्या कडेला कारखान्यांची उंच धुराडी. सुवर्णा स्टँडवर आली होती. तिच्या स्कूटीवरून आम्ही डोंगराच्या दिशेने निघालो. दोन्ही बाजूंना भात कापून गेलेली खाचरं आणि त्यांत वालाचे वेल. जागा इतकी शांत होती की भीती वाटावी असं काहीच नव्हतं. तरी मी सुवर्णाची ओढणी घट्ट धरून बसले होते.

वाडीत वीस-बावीस घरं असतील. कुडाच्या भिंती, सारवलेली अंगणं, आणि बहुतेक प्रत्येक दारात एक निळा ड्रम. मी आजवर ड्रम कधी नीट पाहिला नव्हता. त्या दिवशी ते सगळे ड्रम दाराशी पहाऱ्याला बसल्यासारखे वाटले.

सोमीकाकी आपल्या दारात करांद्यांची माती झाडत बसली होती. करांदा म्हणजे रानातला कंद. काही गोड, काही इतके कडू की घशाखाली गेले तर माणूस आजारी पडावा. ते ती हुंगून वेगळे करायची आणि रोह्याच्या बाजारात विकायची. साठीच्या पुढची, बारीक, हातांवर शिरा. तिच्या आसपास कोणी नव्हतं. बाकी बायका पलीकडच्या आंब्याखाली होत्या. मधे पन्नास पावलांचं मोकळं अंगण, आणि ते कोणी ओलांडत नव्हतं.

मी जवळ गेले तशी तिने मान वर केली. "पिशवीत घासलेट हाय काय गो?"

"नाही."

"हाय. वास येतो."

मी चरकले. बाबा ट्रेडलवरची शाई रॉकेलने पुसतात. पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. सात घड्या आणि दोन पिशव्यांच्या आत. मला स्वतःला तो वास कधीच आला नव्हता. लहानपणापासून त्यातच वाढल्यामुळे असेल.

"कागद आहेत," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा माती झाडू लागली.

वास न येणारा ड्रम आणि घड्यांमधून रॉकेल ओळखणारं नाक! माझा संशय पक्का झाला. बाई ढोंगी आहे.

ते तीन ड्रम आंब्याखाली आडवे पाडून ठेवले होते. मंगी नावाची तरणी बाई, जिच्या पोराचं पोट दुखलं होतं, ती पुढे आली. "ताई, तूच बघ. आमी खोटं बोलतो का ती?"

सुवर्णाने झाकण काढलं. सगळ्या बायका गोळा झाल्या. पलीकडून सोमीकाकीही उठून आली, पण सावलीच्या बाहेर उभी राहिली. ऊन तिच्या डोक्यावर होतं. मी गुडघे टेकले आणि डोकं ड्रममध्ये घातलं.

आत अंधार होता आणि प्लास्टिक कोमट होतं. मला माझाच श्वास परत येऊन ऐकू येत होता. मी खोल श्वास घेतला. प्लास्टिक. पुन्हा घेतला. प्लास्टिक आणि थोडी ओल. तिसऱ्यांदा घेतला. तेच. बाहेर सगळी वाडी माझ्या डोक्याची वाट बघत होती आणि माझ्या नाकाला काहीही लागत नव्हतं.

गठ्ठ्यात चारशे त्र्याण्णव पत्रकं होती. सात हमरापूरला गेली होती.

मी डोकं बाहेर काढलं. "येतोय," मी म्हणाले.

"बगा!" मंगी ओरडली. "बाहेरची ताई, तिला पन येतो!"

"कसला?" सोमीकाकीने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

सुवर्णाने फोनवर सांगितलेलं आठवलं. "फुलाचा."

"फुलाचा कसला," एक म्हातारी करवादली, "आंबल्या ताडीचा येतो मेला."

"सुरंगीवानी हाय गो," दुसरी म्हणाली. तिसरी म्हणाली केवडा. चौथी गप्प राहिली, पदराचं टोक चावत. त्यांच्यात एकवाक्यता नव्हती, हे पत्रक लिहिणाऱ्या कोणाच्याही लक्षात यायला हवं होतं. पण मी सोमीकाकीकडे बघत होते. तीही माझ्याकडेच बघत होती.

"तुला खरंच आला?"

"हो."

ती वळली आणि आपल्या दाराकडे चालायला लागली. मंगी मागून ओरडली, "कोंबड्याचा वास येतो का गो काकी? त्यो आला आसंल!" बायका हसल्या. सोमीकाकी मागे न वळता म्हणाली, "कोंबडा त्यानं माज्याकडनं इकत नेला. मला दिला कुटं?" पण ते कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

त्या दुपारी सुवर्णाच्या घरी माझ्यासाठी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, वर पुन्हा पाला. मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. आमच्याकडे शेतावर हुरडा भाजतात, त्यात ज्वारीचा गोडवा असतो. पोपटीची सगळी चव पाल्याच्या वासात. सुवर्णाच्या सासूबाईंनी शेंग सोलून तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. "पाला सोमीचा नाय औंदा. दुसराच कसलातरी घुसलाय. तिच्या हातचा पाला कदी चुकायचा नाय."

"मग तिच्याकडूनच आणायचा ना," सुवर्णाचा नवरा म्हणाला.

"आनला आस्ता. पन लोकं काय म्हनतील?"

मी शेंगा खाल्ल्या. मला त्या चांगल्याच लागल्या, आणि त्याचीच भीती वाटली. पाल्यात काही चुकलं असेल तर मला ते कळणार होतं का?

शाहीन मॅडम

दुसऱ्या दिवशी मी सुवर्णासोबत रोह्यात आले. ड्रम आतून चिंधीने पुसून ती काचेच्या बरणीत घट्ट बंद केली होती. इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शाहीन मॅडमनी आधी काही वर्षं सुगंध बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम केलं होतं. त्यांच्याकडून मला लेखी पुरावा हवा होता. दुसऱ्या पत्रकासाठी.

मॅडमनी चहा दिला, पोह्याचे पापड दिले, मग बरणीचं झाकण किंचित उघडून बंद केलं. इतक्यातच त्यांचा चेहरा मऊ झाला. "अरे वा. हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"काय आहे हे?"

"आयोनोनच्या जातीचं काहीतरी. व्हायोलेट म्हणून एक फूल असतं, थंड मुलखातलं, त्याचा वास. आपल्याकडे ते फूल कोणी पाहिलेलं नाही, म्हणून कोणी सुरंगी म्हणतं, कोणी केवडा. साबणात, पावडरीत घालतात." त्यांनी कपाटातून एक इवलीशी बाटली काढली, दोन कागदी पट्ट्या घेतल्या, एक बुडवली, एक कोरी ठेवली आणि पाठीमागे नेऊन अदलाबदल केली. "ओळखा. कुठली?"

सुवर्णाने पहिलीच पट्टी नाकाजवळ नेली आणि मागे सरली. "हीच! हाच वास!"

मॅडमनी दोन्ही पट्ट्या माझ्यापुढे धरल्या. मी हुंगल्या. एक कागद. दुसरा कागद.

"ही," मी एक दाखवली.

"ती कोरी," मॅडम म्हणाल्या.

सुवर्णा माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही. मी पापडाकडे बघत राहिले.

"घाबरू नका, आजार नाही हा," मॅडम म्हणाल्या. "नाकाच्या अगदी वरच्या भागात वास घेणाऱ्या पेशी असतात. प्रत्येक पेशीवर एकाच प्रकारचा रिसेप्टर. वासाचा रेणू त्यात येऊन बसला की पेशी मेंदूला कळवते, आलं म्हणून. माणसाकडे असे सुमारे चारशे प्रकार आहेत. बहुतेक वास चार-पाच जण मिळून ओळखतात. एकाची ड्युटी चुकली तर बाकीचे सांभाळून घेतात. या रेणूची मात्र जवळजवळ सगळी भिस्त एकाच रिसेप्टरवर आहे. त्या रिसेप्टरच्या लांबलचक साखळीत एक कडी जरी वेगळी असली, तरी रेणू नीट बसत नाही. कडी जशी आई-बापाकडून मिळाली तशी."

"म्हणजे काहींना वास येतच नाही?"

"काहींना थेंबभर असलं तरी फूल. काहींना काहीच नाही. प्रमाण खूप वाढलं तर त्यांना आंबट, झोंबणारं असं काहीतरी लागतं." त्या हसल्या. "माझ्या मिस्टरांना येत नाही. लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं, हा माणूस माझ्या अत्तराचं मुद्दाम कौतुक करत नाही. किती भांडले मी!"

"पण एखाद्या बाईचं नाक अतिशय तीक्ष्ण असलं तर? रॉकेल ओळखतं, कडू कंद ओळखतं, तरी हा एक वास—"

"अगदी शक्य आहे. बाकी तीनशे नव्व्याण्णव उत्तम असतील, आणि हा एक नसेल."

खोलीत पंखा चालू होता, तरी मला गरम होत होतं. पाचशे कागदांवर मी एका बाईच्या जनुकाला लाचखोरी म्हटलं होतं. आणि तेच जनुक माझ्याही नाकात होतं.

"एक मात्र लिहून घ्या," मॅडम गंभीर झाल्या. "हा रेणू आहे एवढं माझं नाक सांगतं. बरोबर आणखी काय होतं ते कोणाचंच नाक सांगणार नाही. कित्येक विषारी गोष्टींना वासच नसतो. कंपनीचा ड्रम पिण्याच्या पाण्याला वापरायचाच नाही. वास आला तरी नाही, नाही आला तरी नाही."

जिना उतरताना सुवर्णाने फक्त एकच विचारलं. "काल मग फुलाचा म्हणालीस ते?"

"तू सांगितलं होतंस म्हणून."

तिने स्कूटीची चावी दोनदा चुकीच्या बाजूने घातली.

पुन्हा वाडी

मला परत वर जायचं नव्हतं. हे स्पष्ट लिहिते, कारण पत्रक लिहिणारे शूर असतात असा समज आहे. चारची एसटी पकडून पेण गाठावं, सुवर्णाने काय ते सांगावं, असं मी म्हणूनही पाहिलं. सुवर्णा म्हणाली, "मी काय सांगू? मीच तर तुला बोलावलं." आणि स्कूटी डोंगराकडे वळवली.

वाडीत पोहोचलो तर बायका आज आंब्याखाली नव्हत्या, सोमीकाकीच्या अंगणाच्या कडेला होत्या. मंगीच्या हातात मोबाईल होता. मला बघून ती उठली. "ताई, तुजा कागद आला! पेनवरनं आला. माज्या भावानं वाचून दावला." तिला वाटत होतं मी खूष होईन.

सोमीकाकी दारात बसली होती. तिच्यापुढे दोन ढीग होते, गोड करांद्यांचा आणि कडू करांद्यांचा. "बस गो," ती म्हणाली. मी जमिनीवर बसले. "तुज्या पिशवीत त्येच कागद हाय ना? घासलेटवाले?"

"हो."

"तुज्या तोंडानं वाच. मोबाईलमदनं बारीक आवाज येतो."

मी एक पत्रक काढलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आजवर मी सभांमधून पत्रकं वाचली आहेत, माझा आवाज कधी अडला नाही. 'वाडीने जिच्या नाकावर विश्वास टाकला' इथपर्यंत आले आणि पुढचं वाक्य निघेना. समोर ती बसली होती, आणि तिचं नाक होतं, बाकी कोणाच्याही नाकासारखं, टोकाला माती लागलेलं.

"वाच की."

मी वाचलं.

"झाला?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि जे कागदावर नव्हतं ते बोलले. काल मला वास आला नव्हता. मी खोटं बोलले. आजही कागदाच्या पट्टीवर आला नाही. काकीला येत नाही आणि मलाही येत नाही, जन्मापासूनच, आणि त्यात तिचा काही दोष नाही. मग शाहीन मॅडमचं सगळं जमेल तसं सांगितलं. सुवर्णाने मधे मधे सोपं करून दिलं.

पदराचं टोक चावणारी ती चौथी बाई एकदम म्हणाली, "मला पन नाय येत. म्या घाबरून बोल्ली नाय."

"आन मला आंबट येतो," म्हातारी म्हणाली. "म्हंजे माजं पन नाक तसलंच?"

मंगीने मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला.

मला वाटलं होतं आता कोणीतरी सोमीकाकीच्या पाया पडेल, कोणी रडेल, आणि मी सुटेन. सोमीकाकीला मात्र माझं सुटणं-अडकणं दिसतच नव्हतं. ती वेगळंच काही मोजत होती. बोटं एकेका घराकडे वळत होती.

"मग आदीचे?" ती म्हणाली.

"काय?"

"आदीचे ड्रम. ह्यो वास मला येत नाय. मंजी आनकी कुटला येत नसंल त्यो मला ठावं नाय. धा-बारा वर्सं म्या हुंगून दिलं. बाळीच्या घरातला. नायकाचा. अंगनवाडीतला." तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "त्यांत काय व्हता?"

तिने माझ्या दंडाला धरलं. "तू शिकलेली हाय. सांग. पोरं दूद पित्यात आयांचं, आया पानी पित्यात. काय व्हता त्यांत?"

"कदाचित काहीच नसेल," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी मोठ्याने वापरला आणि तो किती पोकळ आहे ते मला कळलं. "मला माहीत नाही, काकी. कोणालाच कळणार नाही."

ती उठली. पहिल्यांदा स्वतःच्या दारातला ड्रम तिने खांद्याने ढकलला. तो भरलेला होता, हलेना. मंगी धावली. दोघींनी मिळून तो आडवा केला आणि पाणी अंगणभर पसरलं, करांद्यांच्या दोन्ही ढिगांतून वाहत गेलं, आणि गोड आणि कडू करांदे एकमेकांत मिसळले. फेब्रुवारीतलं पाणी, पाऊण तास चालून डोक्यावरून आणलेलं. कोणी "नको" म्हणालं नाही. पुढच्या घरी गेल्या, मग त्याच्या पुढच्या. मीही हात लावला. संध्याकाळपर्यंत सगळी वाडी चिखलाची झाली आणि दारांतले पहारेकरी सगळे आडवे पडले. पोरं घाबरून ओट्यांवर चढून बसली होती. रात्रीच्या भातापुरतं पाणी कोणाकडे उरलं नव्हतं. सुवर्णाने गावातून हंडे मागवले.

निघताना मी विचारलं, "पत्रकं जाळू?"

"जाळ," सोमीकाकी म्हणाली. "पन जे गेलं त्ये गेलं."

परत हमरापूर

वाटेत मी खिडकीशी बसून सगळं हुंगत होते. खाडी, डिझेल, माझा स्वतःचा हात. आता मला प्रत्येक ठिकाणी काहीतरी सुटतंय असं वाटत होतं.

कमळाकरदादांना सगळं सांगितलं. ते चपला घालून माझ्याबरोबर निघाले. सातांपैकी एक पत्रक त्यांच्याच भिंतीवर होतं. एकावर शेजारच्या कारागिराने रंग लावून बघितला होता. माझ्या आवडत्या वाक्यावर शेंदरी पट्टा होता. दोन पत्रकं मूर्तींच्या पायाखाली होती, रंग सांडू नये म्हणून. एक पानाच्या टपरीवर वाऱ्याने फडफडत होतं. दोन सापडली नाहीत.

"फोटोचं काय?" मी विचारलं.

दादांनी मोबाईल पुढे धरला. त्यांनी तो ग्रुपवरून काढून टाकला होता आणि खाली 'चुकीची माहिती आहे' असं लिहिलं होतं. त्याखाली तिसऱ्याच कुणीतरी तोच फोटो पुन्हा टाकला होता. दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपवरून आलेला.

वहिनी डोळे आखत होत्या. एका गणपतीचा डावा डोळा झाला होता, उजवा कोरा होता. "पुसता येतं का हे, चुकलं तर?" मी विचारलं.

"ओलं आसंल तर येतं," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. शाहीन मॅडमनी दिलेली पट्टी पाकिटात होती. बाबांनी ती हुंगली आणि डोळे मिटले. "कसलं गं हे फूल?" मी ती त्यांच्या हातातून घेऊन नाकाला लावली. कागद.

नवं पत्रक छापलं. माझं नाव घालून, मी खोटं बोलले हे पहिल्याच ओळीत. सुवर्णाने ते रोह्यात वाटलं. ड्रमांबद्दलचा अर्ज तिने पंचायतीत दिला आहे. तोवर पाणी हंड्यांत आहे आणि बायकांच्या खेपा दुप्पट झाल्या आहेत. मंगी आता रोज सोमीकाकीच्या अंगणात बसते. काकीने मात्र हुंगणं सोडलं आहे. करांदेसुद्धा ती आता प्रत्येक वेळी आधी स्वतः खाऊन बघते, मग टोपलीत टाकते.

परवा सुवर्णाचा फोन आला. मंगळवारी बाजारात एका गिऱ्हाइकाने करांदे निवडून पिशवीत टाकले, वर बघितलं, मोबाईल बघितला, आणि शेजारच्या बाईला विचारलं, "हीच का ती?" मग एकेक करांदा परत टोपलीत ठेवला.

"काकी काय म्हणाली?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकाला काही नाही. तुझ्यासाठी निरोप दिलाय."

"काय?"

"म्हणाली, त्या पोरीला सांग, तुजा कागद चालतोय अजून."